चार डबे कशाला? घंटागाडी गेल्यावर कचऱ्याचं काय होतं

१ एप्रिल २०२६पासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू झाले. २०१६चे नियम गेले, त्यांच्या जागी हे आले. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यातली एकच गोष्ट पोचली, ती म्हणजे आता दोन नाही, चार डबे. त्यावर पहिली प्रतिक्रिया व्हायची तीच झाली. "ओला-सुकाच धड होत नाही, तिथं चार कुठून?" दुसरी त्याहून जुनी आहे. "आम्ही वेगळा करून द्यायचा आणि त्यांनी गाडीत एकत्र ओतायचा, मग उपयोग काय?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं घरातल्या डब्याशी उभं राहून मिळत नाहीत, कचऱ्याच्या मागोमाग डेपोपर्यंत जावं लागतं. उदाहरण पुण्याचं घेऊ. पुण्याची पद्धत इतर शहरांपेक्षा थोडी निराळी आहे, आणि कचऱ्यावरून या शहरानं भांडणंही भरपूर पाहिली आहेत.

मुळात हे काम कोणाचं?

महापालिकेचं किंवा नगर परिषदेचं. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत बारावी अनुसूची आली आणि शहरी संस्थांनी करायच्या कामांच्या यादीत घनकचरा व्यवस्थापन बसलं. पण तेव्हा या कामाचा अर्थ 'उचला आणि गावाबाहेर नेऊन टाका' एवढाच होता. १९९६मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० साली पहिले देशव्यापी नियम आले, आणि टाकण्याआधी कचऱ्यावर प्रक्रिया करणं कायद्यानं बंधनकारक झालं. २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण नागरिकांवर टाकलं. आता २०२६च्या नियमांत चार प्रकार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सॅनिटरीत पॅड आणि डायपर येतात. विशेष काळजीच्या कचऱ्यात रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं.

चार ऐकून दचकायला होतं, पण रोज भरणारे डबे दोनच. सॅनिटरीचा ज्या घरात लागेल तिथं, आणि चौथा म्हणजे कपाटाच्या कोपऱ्यातली एक पिशवी, जी महिनोन्‌महिने भरत नाही.

दारातून निघाल्यापासून

पुण्यात बऱ्याच भागांत दारावर येणारी बाई महापालिकेची कर्मचारी नसते. ती 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची सभासद असते. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्या संघटनेतून पुढे 'स्वच्छ' निघाली आणि २००८मध्ये महापालिकेनं तिच्याशी घरोघरी कचरा गोळा करण्याचा करार केला. सभासद साडेतीन हजारांच्या आसपास, त्यात बहुसंख्य बाया. आधी याच बाया रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये वाकून भंगार वेचायच्या. करारानं त्यांना कंटेनरपासून दारापर्यंत आणलं, म्हणजे कचरा घाण होण्याआधीच त्यांच्या हातात यायला लागला.

दोघींची जोडी, एक ढकलगाडी, त्यावर बादल्या आणि गोण्या. एका जोडीकडे दोनशे-तीनशे घरं. ओला बादलीत, सुका गोणीत. सकाळची फेरी संपली की ठरलेल्या जागी महापालिकेची गाडी येते. त्या जागेला फीडर पॉइंट म्हणतात, म्हणजे ढकलगाडीतला माल मोठ्या गाडीत चढवायचा नाका. ओला कचरा तिथं गाडीत जातो. सुका मात्र बाया बाजूला घेतात, शेडमध्ये किंवा फूटपाथच्या कडेला बसून निवडतात आणि भंगारवाल्याला विकतात. ते पैसे त्यांचे. निवडून उरलेला, कोणी घेत नाही असा सुका पुन्हा गाडीत.

या सगळ्यावर देखरेख आरोग्य कोठीची. हे नाव ऐकून बाहेरगावचे लोक दवाखाना समजतात. ती असते भागातल्या सफाईची चौकी, जिथं मुकादम हजेरी घेतो आणि आरोग्य निरीक्षक तक्रारी ऐकतो. छोट्या गाड्या मग रॅम्पवर जातात. रॅम्प म्हणजे उंचवटा: वर छोटी गाडी चढते आणि खाली उभ्या असलेल्या मोठ्या ट्रकमध्ये माल उलटा करते. तिथून प्रक्रिया प्रकल्प, आणि प्रकल्पात जे काहीच होऊ शकत नाही ते डेपोवर.

कागदावर साखळी एवढी सरळ आहे. ती बिघडते पहिल्याच पायरीवर, आणि बिघडवतो तो ओला कचरा.

प्लास्टिकपेक्षा वांग्याची देठं जड जातात

पर्यावरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्लास्टिकची पिशवी येते. महापालिकेच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा उष्टं-खरकटं येत असणार, कारण वजनात अर्ध्याहून जास्त कचरा तोच असतो.

हिशोब करून पाहू. पुणे दिवसाला दोन हजार टनांहून जास्त कचरा काढतं. त्यातला निम्मा ओला धरला तरी एक हजार टन. भाजीची देठं, सालं, शिळा भात, चहाचा चोथा यांत सत्तर ते ऐंशी टक्के पाणीच असतं. म्हणजे आपण डिझेल जाळून, ट्रक लावून, माणसं लावून रोज सातशे टन पाणी शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेतो. दहा हजार लिटरचे सत्तर टँकर. उन्हाळ्यात ज्या शहरात पाणी घेऊन टँकर येतात, त्याच शहरातून इतकं पाणी कचऱ्याच्या रूपात बाहेर जातं.

आपल्याकडच्या शहरांत कचऱ्यावरच्या खर्चाचा मोठा हिस्सा गोळा करण्यात आणि वाहण्यात जातो, प्रक्रियेला त्या मानानं थोडा उरतो. वाहतुकीचं बिल का फुगतं, हे या पाण्यावरून कळावं.

पाणी नुसतं वजन वाढवून थांबत नाही. ओलं आणि सुकं एका पिशवीत बारा तास राहिलं की कागदाचा लगदा होतो, पुठ्ठ्याचा भाव पडतो, प्लास्टिकला तेलकट खरकटं चिकटतं. कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कचरा दाबून बसवणाऱ्या गाडीत, हे सगळं एकदा चेपलं गेलं की ते परत सुटं करणं जवळपास अशक्य. उलट बाजूनंही तेच. ओल्यात बाटलीची झाकणं, काचा आणि शाम्पूची पाकिटं आली की त्याच्या खताला शेतकरी हात लावत नाही. राज्य सरकारनं शहरी खतासाठी 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव दिलं, केंद्रानं २०१६मध्ये अशा खताला टनामागे दीड हजार रुपये साहाय्य ठरवलं. पण वावरात खत पसरताना पायाला काच लागली तर अनुदानाचा काय उपयोग?

आणि ओला कचरा ढिगाखाली दबला की तिसरी गोष्ट घडते. हवा मिळत नाही, तो कुजतो, मिथेन वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. तो पेटतोही. मुंबईत देवनारचा डेपो १९२७पासून चालू आहे. जानेवारी २०१६मध्ये तिथं लागलेल्या आगीचा धूर मुंबईवर कित्येक दिवस होता. ढिगातून झिरपणारं काळं पाणीही याच ओल्याचं. त्याला लीचेट म्हणतात. ते जमिनीत उतरतं आणि आसपासच्या विहिरी नासवतं.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांना हे तपशील वाचून कळलेले नाहीत, ते त्यांनी भोगलेत. आज वनाजला जिथं मेट्रोचा डेपो आहे, त्या बाजूला पूर्वी कोथरूडचा कचरा डेपो होता. तो बंद झाला आणि शहराचा कचरा या दोन गावांच्या हद्दीतल्या जागेवर जायला लागला. १६३ एकर जागा, त्यावर वर्षानुवर्षं उघडा ढीग. विहिरी खराब झाल्या, माशा झाल्या, आगी लागल्या. गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. २०१७च्या उन्हाळ्यात आग लागल्यावर जवळपास तीन आठवडे एकही गाडी आत जाऊ दिली नाही, आणि शहरात चौकाचौकात कचरा साठला. तेव्हा पुण्यात बरीच मंडळी गावकऱ्यांवर चिडली होती. कुजलेला वास तीन आठवडे आपल्या नाकाशी आला, त्यांच्या तो कितीतरी वर्षं होता, हा हिशोब फार थोड्यांनी केला.

सुक्याला गिऱ्हाईक आहे, पण सगळ्याला नाही

सुका कचरा म्हणजे मुळात माल आहे, आणि मालाला बाजार असतो. रिसायकलिंगवर जी भाषणं होतात त्यांत हे बाजाराचं अंग क्वचित येतं. वस्तूवर तीन बाणांचा त्रिकोण छापला म्हणून ती रिसायकल होत नाही. ती विकत घेणारा कोणीतरी जवळपास असला, तरच होते. त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो: १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, २ म्हणजे शाम्पूच्या जाड बाटलीचं, ४ म्हणजे दुधाच्या पिशवीचं, ५ म्हणजे हॉटेलातून जेवण येतं त्या डब्याचं.

निवडणाऱ्या बाया आकडे बघत बसत नाहीत. पिशवी हातात घेऊन एकदा चुरगाळतात. कडकड वाजली की एका गोणीत, आवाज न करता मऊ दबली की दुसऱ्या. अंगठा आणि बोट यांच्यात फिरवून जाडी कळते. शंका आली तर ताणून बघतात, काही ताणतात, काही फाटतात. कामाचा वेग असा की बघणाऱ्याला निवड कधी झाली ते कळत नाही. प्रयोगशाळेत यंत्रानं करायची परीक्षा इथं बोटांनी होते.

पुठ्ठा, रद्दी, पत्रा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या यांना भाव आहे. काचेला कमी. ती जड, फुटते आणि हात कापते. पण अख्खी बाटली धुऊन परत वापरता येते. थर्माकोल सगळा फुगा, टेम्पो भरला तरी वजन नाही. आणि चिप्सचं चकचकीत पाकीट ही तर सगळ्यांत वाईट वस्तू. त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. शिवाय एक किलो व्हायला अशी शेकडो पाकिटं लागतात. ती वेचायला बाईनं वाकावं तरी कशासाठी?

म्हणूनच केंद्र सरकारनं प्लास्टिकचं वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारी टाकली. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी असं त्याचं भारदस्त नाव आहे. कल्पना बरोबर आहे. पण माझ्या मते त्यात एक पळवाट राहिली. कंपनीला आपलंच पाकीट उचलावं लागत नाही, कुठल्यातरी प्रक्रिया करणाऱ्याकडून तितक्या वजनाचं प्रमाणपत्र घेतलं तरी चालतं. गल्लीतलं पाकीट गल्लीतच राहतं.

दुधाच्या पिशवीची एक गंमत सांगायची राहिली. पिशवी चांगली, भाव चांगला, पण आपण तिचा कोपरा कात्रीनं पूर्ण कापून टाकतो. तो त्रिकोणी तुकडा इतका बारका की कुठल्याच गोणीत जात नाही. मोरीत जातो, गटारात जातो, ओल्यात गेला तर खतात निघतो. कोपरा थोडासा कापून पिशवीलाच लटकता ठेवला की काम भागलं. आणि पिशवी विसळून उलटी वाळत घातली तर शेडमध्ये बसणारीला आंबलेल्या दुधाचा वास घ्यावा लागत नाही.

"आम्ही वेगळा देतो, ते एकत्र करतात"

हा आरोप अर्धा खरा आहे.

खोटा भाग असा. ढकलगाडीवर सगळं एकत्र दिसतं, पण गोण्या आणि बादल्या वेगळ्या असतात. फीडर पॉइंटवर गाडीत पडताना दिसतो तो बहुतेक ओला आणि निवडून उरलेला कचरा. विकण्याजोगा सुका माल त्या गाडीत नसतोच. तो बाईचा पगार आहे, ती तो फेकणार नाही.

खरा भाग असा. जिथं घरोघर फिरणारी घंटागाडीच आहे आणि तिला आत पडदा नाही, तिथं दोन्ही एकत्र जातं. एखाद्या दिवशी ओल्याची गाडी आलीच नाही तर जी येते तिच्यात सगळं भरतात. आणि जिथं ठेकेदाराचं बिल वजनावर निघतं तिथं तर घोळ मुळातच आहे. टनाला अमुक रुपये असा ठेका असेल तर ठेकेदाराला ओला, जड, जमल्यास राडारोडा मिसळलेला कचरा हवाच असतो. लोकांनी घरी खत केलं तर त्याचं नुकसान होतं. ठेक्याची कलमं कोण वाचतो? पण कचरा वेगळा राहणार की नाही, ते जनजागृतीच्या फलकांपेक्षा या कलमांवर जास्त ठरतं. आपल्या प्रभागात प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारावा: बिल कशावर निघतं, वजनावर की वर्गीकरणावर?

आणि समजा गाडीनं खरंच एकत्र केलं, तरी घरात वेगळं करण्याचा फायदा पूर्ण बुडत नाही. विकण्याजोगा सुका आधीच निघालेला असतो. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून दिले तर ते उघडून बघायची वेळ कोणावर येत नाही. पुण्यात कचरावेचकांनी ही लाल ठिपक्याची मोहीम चालवली, कारण नुसती काळी पिशवी आली की आत काय आहे ते हात घालूनच कळायचं. सॅनिटरीला स्वतंत्र डबा हवा, ही नव्या नियमांतली सगळ्यांत गरजेची गोष्ट. त्यामागे कारण पर्यावरणाचं कमी आणि माणुसकीचं जास्त आहे.

"सगळा जाळून वीज का करत नाहीत?"

स्वीडन, सिंगापूर, जपानचे व्हिडिओ फिरतात आणि हा प्रश्न हमखास येतो. जाळता येतो. पण पावसाळ्यात ओली लाकडं चुलीत घातली की काय होतं ते आठवा: धूर होतो, डोळे चुरचुरतात, चहा काही होत नाही. आपला मिश्र कचरा म्हणजे ती ओली लाकडं. त्यातली उष्णता आधी त्याच्याच पोटातलं पाणी उडवण्यात संपते. २०१६च्या नियमांनी ऊर्जेसाठी किलोला दीड हजार किलोकॅलरीची रेघ आखली होती: त्याहून जास्त उष्णता देणारा, रिसायकल न होणारा कचरा पुरायचा नाही, जाळून ऊर्जा करायची. आपला न निवडलेला कचरा त्या रेघेच्या बराच खाली राहतो. जळतो तो सुका उरलेला भाग: चिप्सची पाकिटं, फाटकी चप्पल, चिंध्या. त्याचे तुकडे करून वाळवून केलेल्या इंधनाला आरडीएफ म्हणतात. सिमेंटच्या भट्टीत चौदाशे अंशांच्या वर तापमान असतं, तिथं कोळशासोबत हे जाळता येतं. नव्या नियमांनी सिमेंट आणि इतर कारखान्यांवर हे इंधन वापरण्याचं प्रमाण टप्प्याटप्प्यानं पाच टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर नेण्याचं बंधन घातलं आहे. अट तीच, माल कोरडा हवा.

ओल्याची ऊर्जा जाळून मिळत नाही, कुजवून मिळते. बंद टाकीत हवेशिवाय कुजवला की निघणारा मिथेन पकडून गॅस करायचा. ढिगात जो वायू शत्रू असतो, तोच टाकीत इंधन होतो.

"मग इंदूरला कसं जमतं?"

इंदूरचं नाव काढलं की पुणेकर गप्प होतात, जे सहसा होत नाही. २०१७पासून स्वच्छ सर्वेक्षणात ते शहर वरच आहे. तिथं गाडीतच सहा कप्पे आहेत, त्यामुळे 'एकत्र करतात' या तक्रारीला जागाच नाही. २०२२च्या फेब्रुवारीत तिथं दिवसाला ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. तो चालतो, कारण त्याच्या तोंडाशी येणारा ओला खरंच निव्वळ ओला असतो.

पुण्यानं त्याच्या कितीतरी आधी, २००९च्या सुमारापासून, पाच-पाच टनांचे छोटे बायोगॅस प्रकल्प भागाभागांत बांधले. पंचवीसच्या आसपास. कल्पना इंदूरपेक्षा चांगली होती असं मला अजूनही वाटतं, कारण तिच्यात वाहतूक वाचते. पण त्यांतले बरेच धड चालले नाहीत. टाकीत प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या, काटे-चमचे जातात, पंप अडकतो, दुरुस्तीची फाईल फिरत राहते, तोवर टाकीतले जिवाणू मरतात. यंत्र तेच, जिवाणू तेच. फरक बादलीत होता आणि देखभालीत.

मोठ्या शहराचंच उदाहरण हवं असंही नाही. बारा-तेरा हजार वस्तीच्या वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगर परिषदेनं कचरा इतका काटेकोर वेगळा करायला लावला की डेपोची जागा लोक बघायला यायला लागले. पणजीत महापालिकेनं सोसायट्यांमध्ये सोळा प्रकारांत वर्गीकरण करायला लावलं. चार डब्यांवरून कपाळाला आठ्या पडत असतील तर पणजीकरांची आठवण काढावी.

"मिळकतकर भरतो, वर हे पैसे कशाला?"

पुण्यात 'स्वच्छ'च्या सभासदाला घरटी महिना शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी द्यावे लागतात, वस्त्यांमध्ये अजून कमी. हे पैसे महापालिकेच्या तिजोरीत जात नाहीत, थेट तिच्या हातात जातात. तिला महापालिकेचा पगार नाही. महापालिका करारानुसार ढकलगाडी, बादल्या, हातमोजे देते, तेही वेळेवर मिळत नाहीत अशी तक्रार कायमची. मिळकतकरातून गाड्या, रॅम्प, प्रकल्प, झाडलोट चालते. दारावरचं काम या शुल्कातून आणि भंगाराच्या पैशातून. तत्त्व म्हणून कोणी म्हणू शकेल की हे सगळं करातूनच व्हायला हवं. त्या वादात दम आहे. पण तो वाद महापालिकेशी घालायचा, दारात उभ्या असलेल्या बाईशी महिन्याच्या पैशांवरून नव्हे.

त्याच करात एक सवलतही आहे, जी अनेकजण मागतच नाहीत. गांडूळखत, सौर ऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांतलं काही केलं तर पुणे महापालिका मिळकतकरात पाच टक्के, दोन गोष्टी केल्या तर दहा टक्के सूट देते.

साठ फ्लॅट, शंभर किलो

आता नियमाचा जो भाग सोसायट्यांच्या सभेत खरी खडाजंगी करतो, त्याकडे येऊ. दिवसाला शंभर किलो किंवा त्याहून जास्त कचरा काढणारा तो मोठा कचरा उत्पादक, असं नियम म्हणतो, आणि त्यानं आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. चौघांचं कुटुंब दिवसाला दीड ते दोन किलो कचरा काढतं. म्हणजे पन्नास-साठ फ्लॅटची सोसायटी या रेघेवर येऊन उभी राहते. २०१६च्या नियमांतही ही रेघ होती, पण बऱ्याच ठिकाणी ताकीद देण्यापलीकडे काही झालं नाही. नव्या नियमांत एकतर आवारात प्रक्रिया करा, नाही तर दुसरीकडे करून घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवा, अशी रचना आहे. शंभर किलोच्या जोडीला वीस हजार चौरस मीटर बांधकाम किंवा दिवसाला चाळीस हजार लिटर पाणी हेही निकष आहेत.

सभेतली पहिली हरकत वासाची असते. दुसरी, "बिल्डरनं खताचे खड्डे बांधून दिलेत, पण ते पार्किंगमध्ये गेले." दुसरीवर माझ्याकडे उत्तर नाही. पहिलीवर आहे. खताला वास येतो तो पाणी जास्त आणि सुका पाला कमी झाला की. ओल्यात नायट्रोजन भरपूर, वाळक्या पानांत कार्बन. एक भाग नायट्रोजनला तीस भाग कार्बनच्या आसपास ताळमेळ बसला की ढीग पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो आणि वास न मारता बसत जातो. व्यवहारात, एक बादली ओल्यावर एक बादली वाळका पाला किंवा नारळाचा भुसा, आणि दोन-चार दिवसांनी वर-खाली करणं. शंभर किलोचे दीड-दोन महिन्यांत वीस-पंचवीस किलो खत होतं, बाकीचं पाणी आणि वायू होऊन हवेत जातं. तेच पाणी, जे एरवी ट्रकमधून गेलं असतं. वरून पावसाचं पाणी पडू नये म्हणून जून ते सप्टेंबर छप्पर लागतं, आणि सोसायटीच्या झाडांचा पाला जाळायचा नाही, पोत्यात भरून ठेवायचा. पाला जाळणं तसंही नियमानं बंद आहे.

"करा, पण आमच्या शेजारी नको"

ही शेवटची हरकत, आणि तिला न्यायालयाचा इतिहास आहे. बाणेरला ओल्या कचऱ्याचा प्रकल्प आला, आजूबाजूला इमारती झाल्या, रहिवाशांना वास सहन होईना. ते राष्ट्रीय हरित लवादात गेले. लवादानं २०२०मध्ये प्रकल्प बंद करून जागा मोकळी करायला सांगितलं. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२४मध्ये तिथं लवादाचा आदेश रद्द झाला, प्रकल्प चालू राहिला, आणि वास कमी करण्यासाठी काय काय करायचं ते महापालिकेला सांगण्यात आलं.

बाणेरच्या लोकांची तक्रार खोटी नव्हती. पण हा प्रकल्प तिथून हलला असता तर तो ओला कचरा शहर ओलांडून कोणाच्या तरी शेजारी गेलाच असता, आणि अशा 'कोणाच्या तरी'ची यादी पुण्यात फुरसुंगीपासून सुरू होते. उरुळी आणि फुरसुंगी २०१७मध्ये पुणे महापालिकेत आली, पुढे त्यांची वेगळी नगर परिषद झाली. नकाशावरची हद्द दोनदा बदलली, जुन्या कचऱ्याचा ढीग मात्र जागेवरच राहिला. तो आता बायोमायनिंगनं, म्हणजे उकरून, फिरत्या चाळण्यांतून गाळून, माती एकीकडे आणि जळण एकीकडे करून, सपाट करण्याचं काम चालतं. त्या चाळणीवर आजही वीस-वीस वर्षांपूर्वीच्या दुधाच्या पिशव्या येतात, त्यांच्यावरचं छापील नाव वाचता येतं. सालं आणि देठं मात्र ओळखू येत नाहीत, ती काळ्या मातीत मिसळून गेलेली असतात, आणि त्या मातीत काच इतकी असते की ती शेतात घालता येत नाही, भरावालाच वापरावी लागते.